आत्याबाईचा धपाटा

डॅलसजवळच्या प्लेनोत उल्हासकाका धारपांना ओळखत नाही असा मराठी माणूस एकच असू शकतो, कालच्या विमानानं उतरलेला. त्यालाही काका फार काळ अनोळखी राहू देत नाहीत. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एखादा नवा पोरगा पुढे उभा दिसला, की काका मागून त्याच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवतात. गळ्याचं हाड कुठे संपतं आणि खांद्याची खोबण कुठे सुरू होते ते चाचपून बघतात आणि विचारतात, "बंदूक धरलीयस कधी?"

पोराचं लक्ष मसालेभाताकडे असतं. तो दचकून म्हणतो, "नाही काका."

"धरशील. खोबण चांगली आहे तुझी."

पोरगा घरी जाऊन बायकोला सांगतो की मंडळात एक गृहस्थ भेटले, बहुतेक हाडांचे डॉक्टर असावेत.

काका डॉक्टर नाहीत. मूळचे वाईचे, पण उमेदीची सगळी वर्षं डॅलसच्या एका कंपनीत पंपांची डिझाइनं करण्यात घालवलेली. सत्तरीला टेकलेत, पाठ अजून ताठ, मिशी अजून काळी (ही काळजी अहिल्याकाकू घेतात), आणि उजव्या भुवईवर एक रेखीव चंद्रकोर. चंद्रकोर काकूंच्या कपाळावर शोभली असती. ती काकांच्या कपाळावर कशी आली, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काका तरुण होते तेव्हा कंपनीतल्या ग्लेन नावाच्या सहकाऱ्यानं त्यांना कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला बोलावलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेत येऊन खाऊनपिऊन घोड्याएवढा झालेला थोरला भाऊ. काका बंदूक घ्यायला दुकानात गेले. दुकानदारानं चारपाच बंदुका काढून ठेवल्या आणि विचारलं, कोणती देऊ? आता, ज्या माणसाच्या आईनं त्याला सातवीपर्यंत एकही शर्ट अंगाच्या मापाचा घेतला नाही, बाह्या दुमडून घाल, पुढच्या वर्षी बसेल, असं म्हणत प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घेतली, तो माणूस दुसरं काय करणार? काकांनी सगळ्यांत मोठी उचलली. थ्री-थर्टी-एट मॅग्नम. तिशी उलटलेल्या काकांचं पोट सोडलं तर वाढायला काही शिल्लक राहिलेलं नव्हतं, पण सवय ती सवय.

पहिल्याच गोळीला बंदुकीनं आपला हिसका दाखवला. मॅग्नम काडतुसात दारू जास्त, त्यामुळे गोळी पुढे जेवढी जोरात जाते त्याच हिशेबानं बंदूक मागे येते. काका बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून, प्रेमानं अगदी बिलगून बसले होते. दुर्बिणीची कडा भुवईत घुसली. वाईला फोनवर सांगितलं की स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं. तिकडून आईनं विचारलं, "तिकडे कपाटंपण मारतात का रे माणसांना?"

दुसरा कुणी असता तर बंदूक परत करून आला असता. काकांनी तिचं नाव ठेवलं आत्याबाई. कारण त्यांची पाचगणीची आत्या अशीच होती. भेटली की आधी पाठीत सणसणीत धपाटा, मग "किती वाळलास रे!" आणि मग लाडू. लाडू हवा असेल तर धपाट्याची तयारी ठेवायची. काकांनी तयारी केली, आणि अशी केली की पुढे डॅलसच्या आसपासची निम्मी मराठी पोरं त्यांच्याकडे धपाटा खायला शिकली.

त्यांतला सगळ्यांत चिवट म्हणजे सिद्धेश. चाळीसगावचा, सॉफ्टवेअर टेस्टर. ग्रीन कार्ड आलं की लोक टेस्ला घेतात, यानं काकांचा नाद घेतला. शनिवारी सकाळी दोघं प्लेनोच्या उत्तरेला नेमबाजीच्या रेंजवर जायचे, काकांच्या सिएना व्हॅनमधून. मागच्या सीटवर बंदुकांच्या पेट्या, आणि शेजारी गणपतीत उरलेल्या कागदी थाळ्यांचा गठ्ठा. मंडळ दरवर्षी थाळ्या जास्त मागवतं आणि उरलेल्या काका घेऊन जातात, हे कमिटीनं केव्हाच मान्य केलं होतं. तीन खणांची थाळी. खालचा मोठा खण भाताचा, वरचे दोन भाजीचा आणि कोशिंबिरीचा. दोनशे यार्डांवर ही थाळी टाचायची आणि नेम धरायचा. एल्कचं काळीज आणि फुप्फुसं साधारण एवढ्याच जागेत मावतात, हे काकांचं गणित. त्यामुळे रेंजवर यांची भाषा वेगळीच. शेजारचे लोक इंचात बोलायचे, हे ओरडायचे, "भाजीत!" "भातात, अगदी कडेला!" थाळीबाहेर गेली तर "पंगतीबाहेर!"

"धक्क्याला विरोध करायचा नाही," काका शिकवायचे. "दस्ता खोबणीत घट्ट ओढून घे. सैल धरशील तर बंदूक आधी पळत येते आणि मग आदळते. घट्ट असेल तर नुसती ढकलते. मान वर. दुर्बिणीपासून लांब. माझ्यासारखी चंद्रकोर हवीय का?"

"नको काका, बायको ऑलरेडी हसते."

"कानात बोळे, वर हेडफोन. दोन्ही. अरे, अर्धा धक्का कानातूनच लागतो. आवाज कमी झाला की खांदापण कमी रडतो. आणि टेबलावर वाकून मॅग्नम उडवायची नाही. सरळ बस. कमरेपासून अंग मागे डोलू दे. वारा आला की झाड काय करतं?"

"पडतं."

"गाढवा, डोलतं!"

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मॅग्नमच्या गोळ्या एका बैठकीत मूठभरच. बाकी सगळा रियाज पॉइंट-टू-टू नावाच्या बारक्या बंदुकीवर, जिचा धक्का म्हणजे मांजरीनं पंजा लावल्यासारखा. "शरीर मूर्ख नसतं," काका म्हणायचे. "त्याला मार बसणार हे एकदा कळलं की ते आधीच अंग चोरतं. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, हात खाली दाबतो. मग गोळी जाते जमिनीत आणि माणूस म्हणतो दुर्बीण बिघडलीय."

सिद्धेशची स्वतःची बंदूक टू-सेव्हन्टी होती. एल्कला पुरेशी, धक्का बेताचा. काका तिला मावशी म्हणत. चांगल्या अर्थानंच, पण म्हणताना मिशीतून हसत.

शिकारीच्या तळावर काकांचा एक नियम होता. ग्लेन आता निवृत्त होऊन कोलोरॅडोतच राहायला गेला होता आणि तळ त्याच्या रानात पडायचा, पण नियम काकांचा. पूर्वी एकदा तळावरच्या एका पाहुण्यानं घाईत एल्कला नुसतं जखमी केलं. सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला. जनावर सापडलं नाही. त्या संध्याकाळी काकांनी जाहीर केलं की इथून पुढे शिकारीच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं थाळीवर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही थाळीत लागल्या तर बंदूक. एक जरी चुकली तरी त्या वर्षी बंदूक बंद, हातात पळी. म्हणजे तळावर स्वयंपाक करायचा. दुसरी संधी नाही, वशिला नाही. आजवर पाचसहा जणांनी पळी धरली होती, त्यांत ग्लेनचा सख्खा मेव्हणाही होता. त्याचं वरण आजही तळावर वाईट उदाहरण म्हणून सांगितलं जातं.

यंदा काकांचं नशीब फळफळलं. ज्या भागात मोठ्या शिंगांचे नर फिरतात, तिथलं परमिट सोडतीनं मिळतं आणि काका कित्येक वर्षं नुसते अर्ज करत होते. या वसंतात सोडतीत त्यांचं नाव निघालं. सिद्धेशला मादीचं परमिट मिळालं. काकांनी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना कळवलं. काकूंनी त्याखाली लिहिलं, "फ्रीजरचा वरचा कप्पा मोदकांचा आहे, तो तसाच राहील."

अडचण एकच होती. हिवाळ्यात काका पिकलबॉल खेळताना एका चेंडूवर झेपावले होते. चेंडू गेला, उजव्या खांद्याची दोरी तुटली. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, उन्हाळा लागेपर्यंत हात पूर्ण वर जाऊ लागला. काकांनी डॉक्टरला विचारलं, आता शूटिंग चालेल ना? डॉक्टर म्हणाला, अवश्य, कॅमेरा फार जड नसेल तर. काकांनी त्यातला 'अवश्य' तेवढा घेतला.

जूनमध्ये आत्याबाई पेटीतून बाहेर आली. पहिल्या शनिवारी गोळ्या गेल्या पंगतीबाहेर, थाळीच्या खाली.

"दुर्बीण हलली असणार," काका म्हणाले. दुर्बिणीचे स्क्रू तपासले. पुढच्या शनिवारी पुन्हा खाली. काकांनी काडतुसांची पेटी बदलली. मग उन्हाला दोष दिला, तापलेल्या हवेत नेम थरथरतो म्हणून. मग चक्क नवी दुर्बीण बसवली. गोळ्या इमानानं खालीच जात राहिल्या. सिद्धेश शेजारी बसून सगळं बघत होता. त्याचा धंदाच तो. दिवसभर लोकांचं ऐकायचं की प्रोग्रॅम बरोबर आहे, सर्व्हर खराब आहे.

"काका," तो एकदा म्हणाला, "ते खोटं काडतूस लावून बघायचं का?"

हा काकांचाच धडा. शिकणाऱ्यानं बंदूक स्वतः भरायची नाही. गुरू भरून देतो, कधी खरं काडतूस, कधी बिनदारूचं खोटं. शिकणाऱ्याला माहीत नसतं. खोटं असेल तर चाप ओढल्यावर नुसतं 'टक' होतं, बंदूक मागे येतच नाही. मग अंग चोरणारा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडतो.

"लाव की!" काका खुशीत आले. "पुढच्या वेळी तुझ्या त्या पुण्याच्या मित्राला घेऊन ये. त्यालापण दाखवू. नळी दगडासारखी राहिली पाहिजे, दगडासारखी!"

पुढच्या शनिवारी पुण्याचा मित्र आला. काका सरळ बसले. सिद्धेशनं पाठ फिरवून काडतूस भरलं आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. काकांनी दस्ता ओढून घेतला, मान वर. "बघ हं," काका त्या मित्राला म्हणाले, "श्वास अर्धा सोडायचा. चाप ओढायचा नाही, दाबत राहायचं. कधी सुटली ते आपल्यालासुद्धा कळता कामा नये."

टक.

नळी एकदम खाली गेली, जणू कुणी तिला नमस्कार कर म्हणून सांगितलं होतं. काकांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढे झेपावलेला, तोंड वाकडं. आवाज झाला नव्हता, धक्का बसला नव्हता, आणि काका मार खाल्ल्यासारखे बसले होते.

पुण्याचा मित्र समजून घेतल्याच्या आवाजात म्हणाला, "अच्छा, म्हणजे असं करायचं नाही."

सिद्धेशनं त्याच्या पायावर पाय दिला.

"अजून एक भर," काका म्हणाले. सिद्धेशनं भरलं. पुन्हा टक, पुन्हा नळीचा नमस्कार. काकांनी बंदूक पेटीत ठेवली, जुनी दुर्बीण उगाच काढली म्हणाले, आणि गाडीची किल्ली सिद्धेशला दिली. ही घटना इतकी दुर्मिळ की सिद्धेशनं किल्ली दोनदा उलटसुलट करून बघितली, सिएनाचीच आहे ना.

घरी काकूंना सांगावं लागलं नाही. गॅसवर कुकर होता. शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसायला लागली आणि काकांनी डोळे मिटले.

"ऑपरेशन झाल्यापासून असंच आहे," काकू कांदा चिरत सिद्धेशला म्हणाल्या. "शिट्टी होण्याआधीच दचकतात. मला वाटलं बंदुकीवाल्यांना माहीत असेल."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" काका म्हणाले.

"तुम्ही दुर्बिणी बदलत होतात ना. मध्ये कशाला बोलू?"

खांदा बरा झाला होता, पण खांद्याची आठवण बरी झाली नव्हती. काकांनी ते मान्य केलं आणि एकदा मान्य केल्यावर मग मागे हटले नाहीत. स्वतःच स्वतःच्या शाळेत पहिलीत बसले. गॅरेजमध्ये रिकामी आत्याबाई धरून नळीच्या टोकावर वाईहून आणलेलं जुनं दहा पैशांचं नाणं ठेवायचे. अॅल्युमिनियमचं, फुंकरीनंही पडेल असं. चाप दाबायचा, नाणं पडता कामा नये. शेजारचा अमेरिकन कुत्रा फिरवताना हे बघायचा आणि हात करायचा. शनिवारी रेंजवर बारक्या बंदुकीचा रियाज. मग आत्याबाईची एक गोळी. मग दोन. दोन्ही थाळीत. सप्टेंबरपर्यंत काकांच्या मिशीला पुन्हा पीळ आला.

पण तिसरी. तिसरी गोळी खालीच जायची. कधी भाताच्या कडेला लागून वाचायची, कधी पंगतीबाहेर.

"दोन गोळ्यांपर्यंत मी मालक असतो," काका म्हणाले. "तिसरीला खांदा आपलं मत सांगतो."

"नळीच्या तोंडाला ब्रेक लावा ना काका. धक्का अर्धा होतो."

"आणि आवाज दुप्पट. शेजाऱ्याच्या कानात ओरडून आपला खांदा वाचवायचा? तळावर मीच बंदी घातलीय त्याला."

"मग माझी मावशी घ्या. माझं झालं की तुम्ही."

"नर एल्क, इतक्या वर्षांनी परमिट, आणि उधारीची मावशी? आत्याबाई काय म्हणेल?"

"काही म्हणत नाही, मारते. तोच तर प्रॉब्लेम आहे." सिद्धेशनं जरा घुटमळत शेवटचं सुचवलं. "नाहीतर नियम दोन गोळ्यांचा करा. नियम तुमचाच आहे. ग्लेन काही बोलणार नाही."

काका असे वळले की सिद्धेश मागे सरकला. "नियमाचा काय सेल लावायचाय? थँक्सगिव्हिंगच्या सेलला अजून अवकाश आहे!"

ऑक्टोबरात सिएना निघाली. काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, मागे एक मोठी कापडी पिशवी ठेवली आणि सांगितलं, ही तळावर गेल्याशिवाय उघडू नका, दशम्या संपल्यावर लागेल ते आहे. अमॅरिलोच्या पुढे रस्ता इतका सरळ की काकांनी सिद्धेशला पंपांचा सगळा अभ्यासक्रम शिकवून टाकला. आत्याबाईचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

ग्लेनचं रान उंचावर होतं. सूचिपर्णी झाडांत पिवळ्याधमक ॲस्पेनचे पट्टे, हवेला धार. तिघांनी शिकारीत सक्तीची असलेली नारिंगी जाकिटं चढवली. मिरवणुकीतल्या फेट्याचा रंग, फक्त ढोल नव्हता. दुपारी प्रत्येकाची एकेक थाळी टाचली. ग्लेन मोठी दुर्बीण लावून बसला. तो थाळीचे खण ओळखायला आणि त्यांची नावं घ्यायला केव्हाच शिकला होता. त्यानं स्वतःच्या तीन गोळ्या नेहमीसारख्या आटोपल्या.

मग सिद्धेश. पाठपिशवीवर मावशी टेकवून बसला. एक, दोन, तीन. "भाट! भाट! भाजी!" ग्लेन ओरडला. सिद्धेशला आनंद झाला, पण त्यानं तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही, कारण आता काका बसत होते.

काकांनी कानात बोळे घातले, वर हेडफोन. दस्ता ओढून घेतला. मान वर. आत्याबाई गरजली, काका कमरेपासून मागे डोलले आणि परत जागेवर आले.

"कोशिंबीर!" ग्लेनची जीभ या शब्दावर दरवर्षी अडखळायची, तशी यंदाही अडखळली.

दुसरी. भातात, मधोमध.

काकांनी बंदुकीची खिटी, म्हणजे बोल्ट, ओढला, तिसरं काडतूस आत सरकलं. श्वास अर्धा सोडला. बोट चापावर आलं. थाळी दुर्बिणीत स्वच्छ दिसत होती. खांदा दुखत नव्हता. आणि तरी काकांना कळलं, पापणी खाली येऊ बघतेय. कुकरची वाफ फुसफुसावी तसं आतून काहीतरी गोळा होत होतं. त्यांनी बोट काढलं. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"टेक युवर टाइम, बडी," ग्लेन म्हणाला. "वारा नाही, घाई नाही. कुठेही लागली तरी चालेल. थाळी मोठी आहे."

थाळी मोठी होती. काकांना गणित येत होतं. दर तीन शनिवारांतून एकदा तिसरीही थाळीत पडायची. आज कदाचित पडली असती. पुढच्या कित्येक वर्षांत असं परमिट पुन्हा मिळण्याची शक्यता किती, तेही काकांना येत होतं. वरच्या कड्यावर कुठेतरी तो नर त्या क्षणी गवत खात असणार होता, कुणाच्या सोडतीत आपलं नाव निघालंय याचा पत्ता नसताना.

काकांनी बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढून खिशात टाकलं आणि आत्याबाई आडवी ठेवली.

"काका?" सिद्धेश म्हणाला.

"डोळा मिटतोय."

"अहो, लागली असती कदाचित."

"लागली असती तर खांद्याच्या मेहेरबानीनं. उद्या समोर थाळी नसणारे." काका उठले, गुडघ्यावरची माती झटकली. "दोन बरोबर, एक झाडलीच नाही. नापास. चला, पळी कुठाय?"

ग्लेननं दुर्बीण बाजूला केली. इतक्या वर्षांत नियमाचा बाप स्वतः नियमाखाली येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो म्हणाला की कॅम्पमधली पळी मागच्या उन्हाळ्यात अस्वलानं नेली. खरं तर त्यानं ती स्वतःच हरवली होती.

"पळीच नाही?" सिद्धेशच्या चेहऱ्यावर आशा दिसली, जणू पळीअभावी नियम स्थगित होणार होता.

काका तंबूत गेले. निदान जेवणाचं काय ते बघावं म्हणून त्यांनी काकूंची कापडी पिशवी उघडली. बेसन. मोहरी-हिंगाच्या डब्या. कांदालसूण मसाला, हळद, तांदूळ, लसणाचा गड्डा. आणि सगळ्यांच्या खाली, जुन्या पंच्यात नीट गुंडाळलेली, घरातली मोठी लोखंडी पळी.

काकांनी पळी हातात घेतली. मग तळाच्या वरच्या टेकाडावर, जिथे फोनला रेंज येते, तिथे चढून गेले.

"अहिल्या, तुला खात्री होती मी नापास होणार म्हणून!"

"अजिबात नाही," तिकडून काकू म्हणाल्या. "मला एवढीच खात्री होती की तुम्ही स्वतःला वर ढकलून पास करणार नाही. बंदूक तुम्ही भरलीत, पळी मी भरली. एक काहीतरी लागणारच होतं."

"आणि मी पास झालो असतो तर?"

"मग पिठलं सिद्धेशनं केलं असतं आणि तुम्ही उपाशी राहिला असता. बेसन आधी कालवून घ्या, थेट टाकू नका. गुठळ्या होतात."

"मला शिकवू नकोस!" काका म्हणाले. आवाज पुन्हा जागेवर आला होता.

दुसऱ्या दिवशी ग्लेन आणि सिद्धेश उजाडताना कड्याकडे गेले. काकांनी तळ ताब्यात घेतला, आणि अशा रुबाबात की पाहणाऱ्याला वाटावं पळी मिळावी म्हणूनच हा माणूस टेक्सासहून आला. दगड नव्यानं मांडले, लाकडं मापाची केली, चुलीला हवा कुठून लागते त्याची तपासणी केली. जन्मभर पंप केलेल्या माणसाच्या हाती चूल लागल्यावर धूर सरळच वर जाणार. फोडणी दिली, लसूण तांबूस झाला, कालवलेलं बेसन ओतलं आणि काका पळीनं घोटू लागले.

तेव्हा कड्यामागून एक गोळी वाजली. एकच. दरीतून तिचा आवाज घरंगळत खाली आला.

काकांचा हात थांबला नाही. काही क्षणांनी त्यांच्या लक्षात आलं की डोळेही मिटले नव्हते. त्यांनी कान देऊन वाट पाहिली. दुसरी गोळी आली नाही. एकाच गोळीत काम झालं असेल तर दुसरी येत नाही. काका पिठल्याकडे बघून म्हणाले, "शाब्बास!" आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

दुपार कलल्यावर दोघं परतले. पाठीवर मांसाची ओझी, सिद्धेशच्या कोपरापर्यंत रक्त आणि चेहऱ्यावर अख्खं चाळीसगाव उजळलेलं.

"डोळे?" काकांनी पहिला प्रश्न विचारला.

"उघडे, काका."

"धक्का?"

"खरं सांगू? कळलाच नाही. जागच्या जागी बसली ती."

"मावशी ती. कळणार कसा?" काकांनी त्याचा खांदा दाबला, मग खोबणीवर दोन बोटं टेकवून नीट तपासली, सूज नाही ना ते बघितलं. "जेवा आता. बाकीचं मांस आणायला मीपण येतो. पळीवाल्यानं ओझं उचलू नये असं नियमात कुठे नाही."

थाळ्या वाढल्या. काकांनी स्वतःसाठी कालची आपली थाळी घेतली होती, खांबावरून काढून, झटकून. कोशिंबिरीच्या खणात एक भोक, भाताच्या खणात एक. त्यांनी भाताच्या भोकावर भात ठेवला आणि कोशिंबिरीच्या भोकावर सढळ हातानं पिठलं. पिठलं छान आळलं होतं. एक थेंबही खाली आला नाही.

ग्लेननं पहिला घास घेतला, डोळे मोठे केले आणि आपल्या मेव्हण्याचं वरण आठवून आकाशाकडे बघितलं. "उल्हास, तू दरवर्षी नापास हो."

"स्वप्न बघ," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी या थाळीला तिसरं भोक पाडतो."

"कुणाला घेऊन?" सिद्धेशनं विचारलं. "आत्याबाईला की मावशीला?"

काकांनी तंबूकडे बघितलं. आत्याबाई पेटीत पहुडली होती, फुरंगटून बसलेल्या म्हाताऱ्या बाईसारखी. त्यांनी पळीवर उरलेलं पिठलं सिद्धेशच्या ताटात झटकलं.

"आधी तिला विचारू दे," ते म्हणाले. "न विचारता मावशीला आणलं तर धपाटा मलाच बसायचा."